कुठले काका?

"मी काका," तो म्हणाला.

"कुठले काका?" बाईंनी विचारलं. "इथं काकांना तोटा नाही. व्हॅनवाले काका, फाटकावरचे काका, घंटा देणारे काका. तुम्ही त्यांतले कोण?"

"मी खराखुरा काका. ठकीच्या बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. वहिनींनी दुपारी फोन केला होता ना तुम्हाला, आज न्यायला काका येतील म्हणून?"

"केला होता," ठकीच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "पण काकांनी नेलंसुद्धा तिला."

शाळेचं पटांगण पाखरं उडून गेलेल्या झाडासारखं रिकामं होतं. घसरगुंडीवरून एकटं ऊन घसरत होतं. तो चष्म्याच्या दुकानातून तासाभराची सुट्टी मागून धावत आला होता, खिशात बारका पेचकस तसाच राहिला होता. त्याला दूध आणायला सांगितलं तरी वहिनी मागाहून दोनदा फोन करायच्या. आज मात्र त्यांनी पोटचा गोळा त्याच्यावर सोपवला होता. आणि गोळाच जागेवर नव्हता.

झालं होतं ते असं. मुलांना नेणारी-आणणारी व्हॅन दोन दिवस दुरुस्तीला गेली होती. दोन दिवस वहिनीच ठकीला घ्यायला येत होत्या. आज त्यांना दवाखान्यातून निघता येईना, म्हणून त्यांनी शाळेत कळवलं, 'आज काका येतील.' बाईंना वाटलं, चला, व्हॅन दुरुस्त झाली. त्यांनी ठकीला सांगून टाकलं, 'आज काका नेणार हं.' आणि व्हॅनचा शहाणपणा असा, की शाळा सुटायच्या वेळेला ती खरंच दुरुस्त होऊन, तोंड पुसलेल्या पोरासारखी फाटकात उभी राहिली.

"त्यांना फोन लावा," तो म्हणाला.

"लावतेय कधीची. गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत."

"चांगली सवय आहे," तो दातओठ खात म्हणाला. "घराला कुलूप आहे, बाई. किल्ली माझ्याकडे. पोर उतरून जाणार कुठं?"

बाईंच्या बोटांत खडूचा तुकडा होता. तो केव्हा मोडला, त्यांनाही कळलं नाही.

त्यानं वहिनींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे सगळं ऐकून घेताना वहिनींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"वहिनी, नुसतं काका काय सांगितलंत? माझं नाव घ्यायला जीभ झिजली असती का?"

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाल्या. "पण भावोजी, ती कुठं आहे?"

"आणि बाई, तुम्ही तरी विचारायचं होतं, कुठले काका."

"आत्ता विचारलं, तेच तेव्हा विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "कबूल आहे."

"एकीनं अर्धं सांगितलं, दुसरीनं अर्धं ऐकलं," तो म्हणाला. "त्या दोन अर्ध्यांच्या फटीतून आमची पोर निसटली." एवढ्या घोरातही आपलं वाक्य त्याला बरं वाटलं. दोघींची चूक आरशासारखी लख्ख दिसत होती, आणि त्या आरशात तो कुठंच नव्हता.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लांब, नाचरा, मोठ्या माणसानं वाजवलेला नसावा असा. व्हॅन फाटकातून आत आली. पुढच्या सीटवर ठकी महाराणीसारखी बसली होती.

"हिच्या घराला कुलूप," व्हॅनवाले काका उतरता उतरता म्हणाले. "दारात घरचं माणूस दिसल्याशिवाय मी पोर उतरवत नाही. बाकीची चिल्लीपिल्ली पोचवली, ही राहिली. म्हटलं, जिथली तिथं नेऊन द्यावी."

फोनमधून वहिनींचा हुंदका आला की सुस्कारा, कळलं नाही. बाईंच्या जिवात जीव आला. त्यानं दोन्ही हात पसरले.

"थांबा," बाई मध्ये आल्या. "आता मी अर्धं ऐकून सोडणार नाही. ठके, इकडे बघ. हे तुझे काका ना?"

ठकीनं त्याला केसांपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"नाही," ती म्हणाली.

व्हॅनवाले काका एक पाऊल पुढं सरकले आणि त्याच्या नि ठकीच्या मध्ये उभे राहिले.

"मग कोण गं हा?" बाईंनी विचारलं.

"हा ढब्बू."

"अगं, पण काका ना तुझा?"

"याला काका म्हणायचं नाही, बाई. काका म्हटलं की म्हातारा वाटतो, मग याचं लग्न जमणार नाही. यानंच सांगितलंय." ठकी समजावून सांगत होती, लहान मुलाला सांगावं तशी. "तुम्ही म्हणालात, काका नेणार. म्हणून मी काकांच्या गाडीत बसले. ढब्बू येणार, असं म्हणाला असतात तर इथंच थांबले असते."

घोडं पेंड खात होतं ते इथं. बाईंनी ओठ दाबून धरले. व्हॅनवाले काका खाली बघून टायर तपासू लागले.

"भावोजी," फोनमधून वहिनी म्हणाल्या, "बोला आता."

भावोजींच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या. तो खाली बसला. त्याचं तोंड ठकीच्या तोंडासमोर आलं. तिच्या गालावर प्रवासाची धूळ होती. त्या धुळीतून उमटलेला घामाचा एक ओघळ त्यानं अंगठ्यानं पुसला.

"ठके, म्हण गं काका," तो म्हणाला. "यांच्यासमोर म्हण. मोठ्यानं म्हण."

"आणि तुझं लग्न?"

"ते राहिलं तर राहू दे," तो म्हणाला. "तू आधी घरी चल."