रक्त आईचं

"दोघांकडून," डॉक्टर न्यार्कोबाई म्हणाल्या. "अर्धा दोष आईकडून आला, अर्धा वडिलांकडून. एकाचाच असता तर मुलं वाचली असती."

घानातल्या कुमासी शहरातल्या इस्पितळाच्या त्या खोलीत ओबेंग आणि सेरवा यांच्यामध्ये त्यांची सतरा वर्षांची मुलगी पोकुआ बसली होती. तिचे दोन्ही भाऊ साध्या फ्लूनं गेले होते. फुटबॉल खेळणारी धडधाकट पोरं, ताप चढला आणि चार दिवसांत संपली. धाकट्याला पुरून आल्यावर ओबेंगनं सेरवाला घराबाहेर काढलं. हिचं रक्त पोरं खातं, असं भर चर्चमध्ये सांगून.

"डॉक्टरबाई, रक्त आईचंच असतं," ओबेंग समजुतीच्या सुरात म्हणाला. "आम्हा असांते लोकांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाप आत्मा देतो फक्त."

"विषाणू शिरला की शरीरातल्या पेशी एकमेकींना हाका मारून सावध करतात. तुमच्या मुलांच्या पेशींना त्या हाका ऐकूच येत नव्हत्या. त्यात तुमचाही वाटा आहे. तपासणीच्या कागदावर स्पष्ट आहे."

ओबेंगनं आवाज उतरवला. "मग माझं नाव तेवढं गाळा की. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. मुलीकडचे चौकशी करतील."

इतका वेळ सेरवानं मान वर केली नव्हती. आता तिनं त्याच्याकडे पाहिलं, ताटात झुरळ निघावं तसं.

"आणि हिचं काय?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"पोकुआतही तोच दोष आहे. पण आता आपल्याला माहीत झालंय. दरवर्षी फ्लूची लस. आणि अंग जरा गरम लागलं की काढे पाजत बसायचं नाही, तडक इथे यायचं."

ओबेंगनं खिशातून रुमाल काढला, नाकावर दाबला आणि खुर्ची मागे सरकवली.

"अहो, हे लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे तिला तुम्हीच दिलंय. तुम्ही दोघांनी."

"माझ्या वाट्याचं मी निस्तरीन," सेरवा म्हणाली. तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचली.

पोकुआ उठली. "आई, मी तुझ्याकडे येते राहायला. आजपासूनच."

"चल."

दारातून पोकुआनं एकदा मागे पाहिलं. ती बसली होती ती खुर्ची ओबेंग बुटाच्या टोकानं लांब ढकलत होता.