एकच एसी

"आई, या मेमध्ये आपण सगळे आमच्या खोलीत झोपू. एकच एसी चालला की युनिटं आटोक्यात राहतील," अस्मिता म्हणाली, आणि बोलता बोलता सासूबाईंची गादी उचलून घेऊनही गेली.

तेव्हापासून मंदाकिनीबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. एवढी गोड गोड सून, एवढी गार गार खोली! बिलाचं नुसतं निमित्त. आज गादी गेली, उद्या कपाट जाईल, परवा माझ्या खोलीत हिचं ऑफिस थाटलेलं दिसेल.

बिल आलं. आकडा एप्रिलपेक्षा वरच होता. चष्मा सावरत मंदाकिनीबाईंनी कागद सुनेपुढे धरला.

"मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, अस्मिता. माझ्या खोलीतला एसी यंदा मी एकदाही लावला नव्हता, पंख्यावर भागवत होते. जो चालतच नव्हता, तो बंद ठेवून बचत कसली केलीत आपण? त्यापेक्षा सरळ म्हणायचं, सासूबाई, खोली रिकामी करा."

अस्मिताने बिल घडी घालून बाजूला ठेवलं.

"खोली तुमचीच आहे, आई. पण तिथे तुम्हाला एकटं ठेवायचं नव्हतं मला. बाबांना जाऊन तीन महिने झाले. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. तुम्ही त्यांना विचारायचात, 'अहो, एसी लावू का?' आणि उत्तराची वाट बघत पहाटेपर्यंत तशाच बसून राहायचात."