दातांच्या तारेची तपासणी

मागच्या तारेनं विजयश्रीच्या हिरड्या अशा सुजल्या, की तारच काढावी लागली. आज नवी तार समोर आली, तशी पोरीनं तोंडच मिटून घेतलं. "अगं, हिच्यावर जंतूंना चिकटू न देणारा थर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थर म्हटल्याबरोबर बापाचे कान टवकारले. चाकणच्या कंपनीत ज्योतीरामची वीस वर्षं गाड्यांचं कोटिंग तपासण्यात गेलेली. "बाई, एक तुकडा द्या बरं." गड्यानं तार वाकवली, तिच्यावर खिशातली चिकटपट्टी दाबून खस्सकन उपटली, उजेडाला धरली. पट्टी कोरी, थराचा कणही निघाला नव्हता! "अहो, हा दवाखाना आहे!" बाई हसल्या. "असू द्या की! थर सुटला तर गाडीला गंज आन् पोरीला सूज." "पप्पा, पास?" पोरीनं विचारलं. "पास! पण ब्रश तुलाच मारायचाय." पोर खुर्चीत रेलली. "लावा डॉक्टर. पप्पांनी पास केलेला माल अजून परत आलेला न्हाई."