गुरुबसप्पाची पुडी

रंभाबाईनं पहिली बरणी उचलली ती थेट गुरुबसप्पाच्या उंबऱ्यावर आपटली. दुसरी भिंतीवर. नवी पेठेच्या त्या बोळात बघ्यांची ही गर्दी! पण मधे पडायची कुणाची छाती झाली नाही.

"माज्या मालकाच्या किडन्या सुजवल्यास व्हय रं? तुजं दुकान ठिवत न्हाय आता!"

गुरुबसप्पा मूळ दुधनीचा, झाडपाल्याची औषधं देणारा म्हातारा. हात जोडून उभा होता. "इल्ला अक्का, इल्ला! तसलं काय न्हाई. सुंठ हाय ओ ती. सुंठ आणि मेथी. बसवण्णाची आण."

"आण घाल मसणात!" रंभाबाईनं पायातली चप्पल काढली आणि चारचौघांत म्हाताऱ्याच्या तोंडावर सपासप हाणली. पोटातली आग निवली, पण थोडीच.

आग नसंल तर काय? मोडनिंबाहून पोटासाठी आलेला तिचा नवरा जोतीराम कापडाचे गठ्ठे वाहून वाहून गुडघेदुखीनं घरी बसला. उन्हाळ्यापासून ह्या मेल्याची पुडी चालू होती. आणि आता अंगभर पुरळ, तोंडाचा झालेला भोपळा, लघवीचा पत्ता नाही.

दवाखान्यात डॉक्टर यास्मीननं तिला नीट समजावलं होतं. "कुठल्यातरी औषधानं किडनीला सूज आलीय, मावशी. ते वेळीच बंद झालं तर किडनी सुधारते. नाही झालं तर जन्मभर मशीन. काय काय औषध घेत होते?"

"गुरुबसप्पाची पुडी. बाकी औषध म्हनून थेंब न्हाय."

म्हातारा गाशा गुंडाळून दुधनीला पळाल्याचं कळलं त्या दिवशी रंभाबाईनं वॉर्डात पेढे वाटले. बरी खोड मोडली!

पण जोतीरामाची सूज काही उतरेना. डॉक्टर पुन्हा खाटेपाशी आली.

"मावशी, पुडी तपासून आली. खरंच नुसती सुंठ-मेथी आहे. आणि ती बंद होऊनही सूज वाढतेय. दुसरं काहीतरी पोटात जातंय. आठवा बरं."

"काय बी न्हाय ओ. लेकराची शपथ."

डॉक्टर गेली तशी रंभाबाईनं दात खाल्ले. "ही बी त्याला सामील! मालक, तुमी उठा फकस्त. दुधनीत जाऊन त्याचा खल त्याच्याच टाळक्यात घालते की न्हाय बगा."

"रंभे," जोतीराम कण्हला, "गुडगं लई ठणकत्यात गं."

"थांबा की, मी हाय न्हवं?" तिनं मायेनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग कनवटीची कागदाची घडी सोडली, वाण्याकडून मीठमिरचीबरोबर आणलेल्या दुखण्यावरच्या दोन सुट्या गोळ्या काढल्या आणि इतके दिवस पुडीबरोबर द्यायची तशाच, चहाच्या घोटाबरोबर त्याला भरवल्या.