आधी कापडं मोजा

आता फक्त किल्ली फिरवायची बाकी होती.

दोन दिवस घराच्या दारात गाडीखाली लोळून गणिताच्या मास्तरांनी इंजिनात जोराने हवा ढकलणारा नवा टर्बो बसवला होता. कोपरं खरचटली होती, नखं काळी झाली होती, पण स्वारी हवेत होती. बसवण्याआधी त्यांनी टर्बोत तेल सोडून आतल्या चाकाला हळूच टिचकी मारून पाहिली होती. लिंबाएवढं ते चाक गरगर फिरलं. एवढंसं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि अख्ख्या गाडीला डोंगर चढायचं बळ देतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी हातात धरल्यावर विश्वास बसेना. लाख हा आकडा ते वर्गात रोज फळ्यावर लिहीत. तो फिरताना कसा असेल, हा विचार त्यांनी पहिल्यांदाच केला. बायकोलाही हाक मारून त्यांनी ते चाक दाखवलं होतं.

बायकोचा नववा महिना सरत आला होता. दवाखाना डोंगरापलीकडे, दोन तासांवर. जुना टर्बो त्याच चढावर फुटला होता आणि हा नवा यायला तीन आठवडे लागले होते. आता याचं काही झालं तर दुसरा वेळेत मिळणार नव्हता.

"आता आवाज ऐक हं," मास्तर बायकोला म्हणाले आणि किल्लीला हात घातला.

"थांबा, जावईबापू. आधी कापडं मोजा."

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या. चौतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरात नर्सचं काम केलं होतं. पोट शिवण्याआधी आत घातलेलं प्रत्येक कापड बाहेर आलं का, ते मोजणं त्यांच्याकडे असे. उघड्या नळ्यांत कचरा जाऊ नये म्हणून तोंडांत कोंबायला जुन्या चादरीचे तुकडे त्यांनीच फाडून दिले होते.

"अहो आई, सगळी काढलीत मी. चांगलं लक्षात आहे माझ्या."

"मी आठ दिली होती. इथे पायरीवर सात आहेत."

"एखादं वाऱ्याने उडालं असेल."

"असेल. कुठे पडलंय ते दाखवा, मग सुरू करा गाडी."

"आई, त्याला काय मोजायला शिकवतेस?" बायको हसत म्हणाली. "शाळेत दिवसभर तेच तर करतो."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही. गाडीपाशी येऊन त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मास्तरांनी किल्ली त्या हातावर ठेवली. का ठेवली, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मोठमोठे डॉक्टर या बाईसमोर असेच हातातलं काम टाकून थांबले असतील, हे मात्र त्यांना एकदम लख्ख दिसलं. त्यांनी पुन्हा बॉनेट उघडलं.

गाडीखाली पाहिलं, अंगण पालथं घातलं. शेवटी हवा आत नेणाऱ्या जाड रबरी नळीचा पट्टा त्यांनी सैल केला, नळी टर्बोवरून उपसली आणि आत बोटं घातली. बोटांना काहीतरी मऊ लागलं.

चादरीचा निळा तुकडा. नव्या चाकापासून चार बोटांवर. किल्ली फिरली असती, तर चाकाने तो पहिल्याच दमात ओढून घेतला असता आणि पात्यांचा चुरा झाला असता. मास्तरांनी तुकडा बाहेर ओढला. बायको हसायची थांबली होती.

सासूबाईंनी तुकडा घेतला, झटकला, बाकीच्यांशेजारी ठेवला आणि एकेकावर बोट टेकवत पहिल्यापासून मोजलं. आठ भरले. हे त्यांनी किती हजार वेळा केलं असेल! त्या बोटाच्या जोरावर किती माणसं स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली असतील, आणि त्यांतल्या एकालाही या बाईचं नाव ठाऊक नसेल! मास्तर त्या बोटाकडे बघतच राहिले. लाख फेऱ्यांचं ते चाक त्यांना आता खेळण्यातलं वाटू लागलं.

नळी परत बसवून त्यांनी पट्टा दोनदा आवळला.

"आई," त्यांनी विचारलं, "तिकडे कधी कमी भरलं होतं का हो?"

सासूबाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"एकदा. नवी होते मी. थांबा म्हणायला जीभ रेटली नाही."