टेकडीवरचा सिंह

परदेशातल्या मोफत नेत्रशिबिरात आठ दिवस मान वर न करता राबल्यावर आम्हाला अर्ध्या दिवसाची जंगलसफारी मिळाली. रोज खेड्यापाड्यांतून रुग्ण आणणारा ड्रायव्हरच जीपवर होता. त्यानं गाडी थांबवून टेकडीकडे बोट दाखवलं. "सिंह!" मी दुर्बीण लावली. तपकिरी दगड होता. सिस्टर कुजबुजल्या, "डॉक्टर, बिचाऱ्याचा हिरमोड नको. काढा फोटो." काढला. मग ड्रायव्हरच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. परतताना स्टिअरिंग मीच धरलं. दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन त्याचं केलं. पट्टी निघताच त्यानं माझा मोबाइल मागितला, सिंह बघायला. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "साहेब, चार वर्षं पाहुण्यांना हाच दगड दाखवतोय मी." "कुणीच काही बोललं नाही?" "सगळे तुमच्यासारखेच भले होते, साहेब. फोटो काढायचे आणि माझी पाठ थोपटायचे."