गुणांचा रकाना

"विनोद रटाळ आहेत." कातरबाईंनी अहवालातली पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि चष्म्यावरून समोर पाहिले. "कुठले?"

"सगळेच, मॅडम," तरुण परीक्षक म्हणाला.

सिनेमा मंजुरीच्या या कार्यालयात त्याला सात महिने झाले होते. सिनेमा पाहायचा, छापील कागदाच्या डाव्या रकान्यात गुण आणि उजव्या रकान्यात दोष लिहायचे, आणि कागद बाईंपुढे ठेवायचा, एवढेच त्याचे काम. त्यांची सही झाली की अहवाल वरच्या मजल्यावर साहेबांकडे जाई. साहेब उजवा रकाना वाचत नसत. डावीकडे कौतुकाचे काही दिसले की तो सिनेमा ते मागवून घेत, आणि मागवलेला सिनेमा परत खाली आल्याचे कुणाला आठवत नव्हते. ज्यांचा डावा रकाना कोरा, असे सुमार सिनेमे मात्र बिनबोभाट सुटत.

कातरबाई हे नाव कार्यालयाने ठेवलेले. तोंडावर सगळे मॅडमच म्हणत. एकवीस वर्षांत त्यांनी नावे ठेवली नाहीत असा सिनेमा नव्हता. त्यांच्या टेबलावरचे फार थोडे सिनेमे साहेबांनी मागवले होते. "मागवण्याजोगं बाई काही शिल्लकच ठेवत नाहीत," असे शिपाई चहा देताना म्हणे.

सकाळचा सिनेमा हॉलिवूडचा होता. एका देशाच्या प्रमुखाचे घड्याळ चाळीस मिनिटे मागे पडते. त्याला ते सांगण्याची कुणाची छाती होत नाही, म्हणून सारा देश आपापली घड्याळे मागे घेतो. गाड्या, शाळा, दवाखाने, सगळेच चाळीस मिनिटे उशिरा. पुढे तर वेळेआधी उगवल्याबद्दल सूर्याच्या नावे नोटीस निघते. चौदा खुर्च्यांच्या त्या लहानशा प्रेक्षागृहात माणसे दोनच होती. हसू दाबता दाबता परीक्षकाच्या बरगड्या दुखू लागल्या. तो मुळातच अबोल. आपल्या मनात वर्षानुवर्षे कोंडलेले काहीतरी कुणी परक्याने, दूरच्या भाषेत, इतक्या सहजपणे म्हणून टाकावे, याचे त्याला हसता हसताच वाईट वाटले होते.

म्हणून त्याने दुपारी उजव्या रकान्यात सात दोष लिहिले. त्यांतला एकच खरा: प्रमुखाच्या मेहुण्याचे प्रकरण उगाच लांबले होते. उरलेले सहा त्याने बसून रचले होते. हा सिनेमा लोकांनी पाहायला हवा असेल, तर त्याला दुसरा मार्ग दिसत नव्हता.

"पटकथा विस्कळीत. प्रमुखाचं काम करणारा नट थंड. संवादांना धार नाही." बाईंची लाल पेन्सिल प्रत्येक ओळीखाली थांबून मगच पुढे सरकत होती. "एकदाही हसला नाहीत तुम्ही?"

"नाही, मॅडम."

"मी मागच्याच रांगेत होते. सूर्याच्या नोटिशीला तुमचे खांदे गदागदा हलत होते."

"खोकला झालाय जरा."

"नेमका विनोदाच्या वेळी येतो. शहाणा खोकला आहे."

अहवालात खोटे लिहिले म्हणून साहेबांनी आधीच्या परीक्षकाची रवानगी जुन्या रिळांच्या गोदामात केली होती. तेही एक वेळ चालले असते. पण अहवाल खोटा ठरला, तर सिनेमा वर जाणार होता.

शिपायाने दारातून डोके आत घातले. "मॅडम, वरचं टपाल नेतोय. साहेब आज लवकर निघणार आहेत. म्हणजे रोजच्यासारखं."

"बाहेर थांब पाच मिनिटं."

दार लागले. पेन्सिल आता डाव्या रकान्याकडे वळली. तिथे एकच ओळ होती. तिच्यावाचून अहवाल पुरा करण्याचा त्याने तीनदा प्रयत्न केला होता. शेवटी, एका ओळीने काय होते, अशी मनाची समजूत घातली होती. बाईंनी ती वाचायला बराच वेळ घेतला.

"'शेवटच्या प्रसंगात घड्याळाला चावी देणारा कारकून निजलेल्या मुलीच्या कानात खरी वेळ सांगतो. ही दोन मिनिटे विसरता येणार नाहीत.'" त्यांनी मान वर केली. "हे का लिहिलंत?"

अनवधानाने लिहिले गेले, असे त्याला म्हणता आले असते. ते उत्तर ओठांपर्यंत आलेही होते.

"ते एक खोटं लिहिता आलं नाही, मॅडम."

"म्हणजे बाकीचं आलं."

बाहेर शिपाई टपालाच्या पिशवीचा पट्टा ओढत असल्याचा आवाज येत होता. बाईंनी अहवालाची घडी घातली, तो उभा फाडला, मग आडवा फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. खणातून एक कोरा छापील कागद काढून त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

"सात दोष होते तसे उतरवा. डावीकडे काही नको."

त्याने त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचाच कोरडेपणा होता. तो घाईघाईने लिहू लागला. सातवी ओळ संपली.

"आता आठवा दोष लिहा. शेवटचा प्रसंग निरर्थक आहे."

पेन कागदाला टेकले आणि तिथेच थांबले. शाईचा ठिपका हळूहळू पसरत गेला. दाराबाहेर शिपाई खाकरला.

बाईंनी हात पुढे करून पेन त्याच्या बोटांतून अलगद सोडवून घेतले आणि आठवी ओळ स्वतःच लिहिली.

"पहिल्या वर्षी मलाही जमलं नव्हतं," सही करता करता त्या म्हणाल्या. "तो सिनेमा अजून वरच आहे."